तीन दिवसांची भिंत

सुलभाताई खोडके यांनी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली आणि एवढ्या वर्षांत एकाही ठेकेदाराच्या घरचा चहा घेतला नाही. विदर्भातल्या उन्हात त्यांनी पूल बांधले, शाळा बांधल्या, एक आख्खा दवाखाना उभा केला. ठेकेदार पाठीमागे त्यांना काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण समोर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि नजर खाली ठेवत. अशी बाई निवृत्त झाली की तिचं करायचं काय, हा प्रश्न घरच्यांना पडतोच. यजमान नरेंद्रराव विमानाला घाबरत असल्यामुळे अमरावतीलाच राहिले आणि २००३ च्या मे महिन्यात सुलभाताई एकट्याच मुलाकडे, अमेरिकेतल्या ट्रॉयला येऊन दाखल झाल्या.

मुलगा सिद्धेश मोटारींच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. सून हिमानी पुण्यात कॉलेजात शिकवत होती. इथे तिच्या व्हिसात नोकरी बसत नव्हती, म्हणून ती घरी होती आणि लायब्ररीतली पुस्तकं संपवत होती. घर देखणं होतं, पण पहिल्याच दिवशी सुलभाताईंनी भिंतीवर टिचकी मारली तर आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

“अरे, हे पुठ्ठ्याचं आहे!”

“ड्रायवॉल म्हणतात त्याला, आई. इथे सगळ्यांची घरं अशीच असतात,” सिद्धेश म्हणाला.

“इंग्रजी नाव दिलं म्हणून पुठ्ठ्याची वीट होत नाही,” सुलभाताई म्हणाल्या आणि बॅग उघडायला गेल्या.

पुढचा महिना त्यांनी फिरण्यात काढला. नऊवारी नाही, पाचवारीच, पण खाली सिद्धेशने घेतलेले पांढरे बूट, आणि रस्त्याला फूटपाथ नसेल तिथे सरळ लोकांच्या हिरवळीवरून. अशाच एका सकाळी घरापासून वीस मिनिटांवर त्यांना जाळीच्या कुंपणाआड काम चाललेलं दिसलं. सळया उभ्या होत्या, काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सेंट्रिंगच्या फळ्या लागत होत्या, आणि खडी-सिमेंटचा तो ओला वास येत होता. सुलभाताई कुंपणाला नाक लावून अर्धा तास उभ्या राहिल्या. परदेशात आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच आपल्या गावचं कोणी भेटलं होतं.

मग रोजचीच वारी झाली. आतल्या माणसांनाही त्यांची सवय झाली. इग्नासिओ नावाचा एक चाळिशीचा मेक्सिकन कामगार होता. फळ्या धुणं, हत्यारं धुणं, सळया बांधणं, पडेल ते काम त्याच्याकडे. तो येता-जाता हात हलवायचा. एकदा त्याने बांधलेल्या सळयांची गाठ सुलभाताईंनी कुंपणाबाहेरून मान हलवून पसंत केली, तेव्हा त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून वाकून नमस्कार केला. दोघांची ओळख एवढीच.

बांधकाम कसलं आहे ते हिमानीने शोधून काढलं. एका ट्रस्टचं छोटं वाचनगृह होतं आणि त्याचा आर्किटेक्ट जपानी होता, कुरोदा नावाचा. ट्रस्टने छापलेलं पत्रक तिने आणून सासूबाईंच्या हातात ठेवलं.

सुलभाताईंनी चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. कुरोदा बंदराच्या गावात जन्मला. आई टोफू करून विकायची. पंधराव्या वर्षी तो सेंट्रिंगचा सुतार झाला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. नकाशे काढायला तो रात्रशाळेतून शिकला आणि तिशीत त्याने पहिलं घर बांधलं. घर म्हणजे चार काँक्रीटच्या भिंती, एक फट आणि त्या फटीतून येणारा उजेड. मालकिणीने विचारलं, भिंतीला खिळा मारू देत नाही, मग कॅलेंडर लावू कुठे? कुरोदा म्हणाला, तारीख लक्षात ठेवा. त्याच्या इमारतींना प्लास्टर नाही, रंग नाही, नक्षी नाही. ‘माणसाने जागा भरली की जागा बोलायची थांबते,’ असं त्याचं म्हणणं पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं.

“आमच्याकडे असली बिल्डिंग दिसली की समजायचं, निधी संपला,” सुलभाताई म्हणाल्या. “आणि प्लास्टर करणारच नाहीत म्हणतेस? कागदावर म्हणतात गं असं. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगाचा हात मारतातच.”

“नाही आई, ती खरंच तशीच ठेवतात. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

“बघू,” सुलभाताई म्हणाल्या. या ‘बघू’चा अर्थ ‘तुला काय कळतं’ असा होतो हे हिमानीला एव्हाना ठाऊक झालं होतं. पण कॅलेंडरचं उत्तर मात्र सासूबाईंना मनापासून आवडलेलं दिसलं, कारण रात्रीच्या जेवणात त्यांनी ते सिद्धेशला दोनदा सांगितलं.

जूनच्या तीस तारखेला, सोमवारी, उत्तरेकडची भिंत ओतली. चाळीस फूट लांब, दहा फूट उंच. सुलभाताई सकाळी सातपासून कुंपणाशी होत्या आणि ओतकाम झकास झालं. घाई नाही, खंड नाही, मध्ये कोणी सिगारेट ओढायला गेलं नाही. घरी येऊन त्यांनी नरेंद्ररावांना फोनवर सांगितलं की गोऱ्यांना काम येतं. असा शेरा त्यांनी आपल्या स्वतःच्या खात्यालाही कधी दिला नव्हता.

आणि गुरुवारी फळ्या निघाल्या.

सुलभाताईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिसऱ्या दिवशी कोणी भिंत उघडी करतं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसला प्रकार. शुक्रवारी चार जुलै, इथल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, आणि त्या फळ्या दुसऱ्या बाजूला लावून मोकळं व्हायचं असणार, हे चौतीस वर्षं ठेकेदार पाहिलेल्या बाईला सांगायला नको. साइटवरचा मुख्य माणूस डग हातातल्या घड्याळाकडे बघत माणसांना पळवत होता. भिंत निघाली तेव्हा मात्र सुंदर निघाली. गुळगुळीत, राखाडी, कुठे भोक नाही, ओरखडा नाही. वरून डोकावणाऱ्या सळयांना प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. दुपारी सगळे घरी गेले, फाटकाला साखळी लागली आणि भर उन्हात ती तीन दिवसांची भिंत तशीच कोरडी उभी राहिली. गोणपाट नाही, पाणी नाही, काही नाही.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. हे आमच्याकडे गवंड्याच्या पोरालाही कळतं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, त्यात हयगय नाही. धारणीच्या साइटवर भर उन्हात सुलभाताईंनी मुकादमाला रजा नाकारून पाणी मारायला लावलं होतं, आणि दोन वेळा तर स्वतः बादली उचलली होती. उघड्यावर तान्हं मूल ठेवून आई-बाप जत्रेला गेलेले पाहावेत, तसं त्यांना झालं.

त्या शुक्रवारी सिद्धेश आणि हिमानी नेपरव्हिलला मित्राकडे निघाले. सुलभाताईंनी यायला साफ नकार दिला. “पाच तास गाडीत बसून हेच घर तिकडे बघायचं, त्यापेक्षा मी इथेच बसते,” असं कारण सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही.

फाटकाच्या साखळीत एक सडपातळ बाई जाईल एवढी फट होती. आत नळ होता आणि त्याला इग्नासिओचा हत्यारं धुवायचा पाइप जोडलेला होता. सुलभाताईंनी पदर खोचला, परांचीच्या शिडीवरून साठाव्या वर्षी वर चढल्या, आणि पाणी भिंतीच्या माथ्यात मुरावं म्हणून सळयांवरचं प्लास्टिक काढून नीट घडी करून खाली ठेवलं. मग पाणी सोडलं. भिंत घटाघटा पाणी प्यायली. पाइप आखूड होता. भिंतीचे तीनपैकी दोन भाग भिजले, पूर्वेकडच्या शेवटच्या भागापर्यंत पाणी पोचेना. बादली कुठे दिसली नाही. जमलं तेवढं जमलं, असं म्हणून त्या उतरल्या. शुक्रवारी दोनदा, शनिवारी दोनदा, रविवारी दोनदा. रस्त्याने जाणाऱ्या एका आजोबांनी गाडीतून हात हलवला. साडी नेसलेली बाई भिंतीला पाणी घालते आहे हे पाहून त्यांना काय वाटलं, देव जाणे.

शनिवारी संध्याकाळी भिंतीवर तांबूस ओघळ दिसू लागले होते. सळयांचा गंज पाण्याबरोबर खाली येतो, त्यात नवीन काही नाही. सुलभाताईंच्या प्रत्येक पुलावर असे ओघळ होते, आणि नंतर ते प्लास्टरखाली, रंगाखाली गेले होते. त्यांनी तिकडे पाहिलं आणि सोडून दिलं. चूक झाली ती इथे.

सोमवारी सकाळी त्या हौसेने निघाल्या. लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. डग भिंतीसमोर उभा राहून इग्नासिओवर ओरडत होता. पाइप त्याचा, नळ त्याच्या ताब्यात, प्लास्टिक त्याने बांधलेलं. चालू नळ सोडून गेलास, भिंतीचं वाटोळं केलंस! कुरोदा बुधवारी येणार, आणि त्याला हे दाखवायचं? अकरा तांबडे ओघळ राखाडी भिंतीवरून खाली उतरले होते. त्या मोकळ्या, काहीही नसलेल्या भिंतीवर ते असे दिसत होते की दुसरं काही दिसतच नव्हतं. सुलभाताईंना तेव्हा उमगलं की इथे वर रंग येणार नाही, प्लास्टर येणार नाही. ही मंडळी खरंच तशीच ठेवणार होती.

इग्नासिओ हात हलवून सांगत होता, मी नाही, मी नाही. डगने त्याला फाटकाकडे बोट दाखवलं. तो आपला डबा उचलून सुलभाताईंच्या अगदी जवळून गेला. आज त्याने हात हलवला नाही.

आणि सुलभाताई गप्प राहिल्या. तोंड उघडलं होतं, पण शब्द आला नाही. का आला नाही, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. परका देश, ओरडणारा माणूस, आपल्या हातून झालेली घाण. जे असेल ते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चुकीवर दुसऱ्याचं नाव लागलं आणि त्या नुसत्या उभ्या राहून बघत राहिल्या. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, स्तोत्र म्हणायला बसल्या, आणि दुसऱ्या ओळीशी अडकून उठल्या.

संध्याकाळी त्यांनी सगळं सिद्धेशला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

“आई, तू कुंपणाच्या आत गेलीस? हे ट्रेसपासिंग आहे. प्रॉपर्टी डॅमेज आहे. इथे पोलीस बोलावतात यासाठी!”

“बोलावू देत. मी सांगणार आहे त्यांना की मी केलं.”

“तू कोणाला काही सांगणार नाहीयेस.” सिद्धेशने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “माझी ग्रीन कार्डची फाइल दोन वर्षं अडकलीये. सध्या दिवस कसले आहेत, बघतेस ना? आमच्या ऑफिसातल्या एकाला एअरपोर्टवर सहा तास बसवून ठेवलं, नुसतं नाव कुठल्या तरी संशयिताशी जुळलं म्हणून. साधं ट्रॅफिक तिकीट मिळालं तरी लॉयर दहा प्रश्न विचारतो. आणि माझ्या घरात राहणाऱ्या माझ्या आईवर पोलीस रिपोर्ट? आठ वर्षं झाली मला इथे, आई. आठ.”

“त्या माणसाची रोजी गेली, सिद्धेश.”

“त्याला दुसरीकडे मिळेल काम.”

“तुला नाही का मिळणार दुसरीकडे?”

सिद्धेश उठून गेला. हिमानी भाजी ढवळत उभी होती, तिने गॅस बारीक केला. सुलभाताईंना मुलाचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. पोरगं घाबरलेलं होतं आणि त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मंगळवारचा आख्खा दिवस त्या घरात बसून राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी झालेली पाहिली की त्या ज्या आवेशाने साहेबांच्या टेबलावर फाइल आपटत, तो आवेश आठवून आठवून त्यांना स्वतःचीच चीड येत राहिली.

बुधवारी सकाळी सिद्धेश ऑफिसला निघताना दारात थांबला. “आई, प्लीज,” एवढंच म्हणाला. गाडी कोपऱ्यावरून वळली तशा त्या उठल्या, पर्समध्ये पासपोर्ट टाकला आणि बूट घालू लागल्या.

“मी सोडते,” हिमानी म्हणाली. किल्ल्या आधीपासूनच तिच्या हातात होत्या. “पण सिद्धेशला मी फोन करणार. त्याला न सांगता मी तुम्हाला नेणार नाही.”

“कर,” सुलभाताई म्हणाल्या. “लपवून काही करायचं नाहीच आहे.”

फाटक उघडं होतं. भिंतीसमोर डग, ट्रस्टचे दोघे जण आणि एक ठेंगणा, पांढऱ्या केसांचा म्हातारा उभा होता. अंगात काळा सदरा, पायांत चिखलाचे बूट, हात पाठीमागे बांधलेले. डग समजावत होता: एका कामगाराचा निष्काळजीपणा झाला, त्याला काढून टाकलं आहे, वाळूचा मारा करून हे घासून काढू, वर एक हलका कोट देऊ, कळणारही नाही.

“कोट नाही,” कुरोदा म्हणाला.

सुलभाताई सरळ आत शिरल्या. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं होतं. ते बोलताना त्या नेहमी अर्ज वाचल्यासारख्या बोलत, पण एकही शब्द अडखळत नसे.

“हे मी केलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “शुक्रवार, शनिवार, रविवार, रोज दोनदा. नळ मी सोडला. प्लास्टिक मी काढलं. तुमच्या माणसाचा याच्याशी काही संबंध नाही.”

डग त्यांच्याकडे बघतच राहिला. रोज कुंपणाशी उभी राहणारी ती साडीवाली बाई आत येऊन बोलते आहे, हे त्याला पचायला वेळ लागला. कुरोदाने मात्र मान वळवून फक्त एक प्रश्न विचारला.

“का?”

“तहानलेली होती म्हणून. तिसऱ्या दिवशी फळ्या काढल्या आणि तीन दिवस उन्हात टाकून गेले. मी इंजिनियर आहे. मला बघवलं नाही.”

“दहा दिवस फळ्या होत्या,” डग तात्काळ म्हणाला. “ड्रॉइंगमध्ये दहा लिहिलंय, आम्ही दहा ठेवल्या. मॅम, तुम्हाला यातलं काही माहीत नाही.”

“सोमवार तीस जूनला ओतली. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पहिली गाडी, एक वाजता शेवटची. गुरुवारी तीन तारखेला दुपारी उघडली. आज नऊ तारीख आहे. ओतून आज नववा दिवस लागलाय, मग तुमचे दहा दिवस कुठून आले?”

ट्रस्टच्या दोघांपैकी एकाने बोटांवर हिशेब केला आणि डगकडे पाहिलं. डगचा चेहरा लालबुंद झाला. ही बाई कोण, हिच्या शब्दावर काय विश्वास, हिने मालमत्तेचं नुकसान केलंय, असं काहीबाही तो म्हणू लागला.

“माझ्या शब्दावर ठेवू नका,” सुलभाताई म्हणाल्या. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी काढली, उघडली आणि चालत भिंतीच्या पूर्वेकडच्या टोकाला गेल्या. तो भाग स्वच्छ होता, एकही डाग नाही, पत्रकात छापावा असा. त्यावर त्यांनी पिनेने जोर लावून एक रेघ ओढली. करकर आवाज झाला आणि भिंतीतून राखाडी भुकटी खाली सांडली. बोटाने पुसली तर आणखी निघाली. मग त्या ओघळांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि तेवढ्याच जोराने दुसरी रेघ ओढली. पिन घसरली, वाकली. भिंतीवर एक बारीक पांढरी खूण उठली, भुकटी पडली नाही.

“इथे पाणी पोचलं. तिथे पाइप पोचला नाही,” सुलभाताई म्हणाल्या.

कुरोदाने हात पुढे केला, पिन मागून घेतली आणि दोन्हीकडे स्वतः जाऊन पाहिलं, गुडघ्यावर बसून, भिंतीला कान लागेल इतक्या जवळून. स्वच्छ भागावर त्याने तळहात फिरवला आणि पांढरा झालेला तळहात डगसमोर धरला.

“मी सोळा वर्षांचा होतो,” तो थांबत थांबत म्हणाला. त्याचं इंग्रजी सुलभाताईंच्या उलट, तुटक होतं. “गावात उत्सव होता. मिस्त्री घरी गेला. मी एक दिवस आधी फळ्या काढल्या. कोणाला कळलं नाही. ती भिंत अजून आहे. मी दर वर्षी जातो, हात लावतो, हात पांढरा होतो.” त्याने तळहात पँटला पुसला नाही, तसाच ठेवला. “काँक्रीट विसरत नाही. म्हणून मी त्यावर काही लावत नाही. लावलं तर आपण विसरतो.” मग तो स्वच्छ भागाकडे बोट करून म्हणाला, “ही पाडा.”

“आणि ही?” ट्रस्टच्या माणसाने ओघळांकडे हात केला.

“ही चांगली भिंत आहे. ही राहील.”

“ती खराब मी केली आहे,” सुलभाताई मध्येच म्हणाल्या. एवढं झाल्यावर गप्प बसतील तर त्या सुलभाताई कसल्या! “प्लास्टिक काढायचा मला अधिकार नव्हता. आत यायचासुद्धा नव्हता. ती माझी चूक, ती माझ्या नावावर लिहा. त्या माणसाच्या नावावरून खोडा आणि त्याला परत बोलवा.”

डगला हेच हवं होतं. भिंत हातची गेली होती, वेळापत्रक गेलं होतं, आता निदान ही बाई तरी हातात सापडली होती. तो साइटवरच्या ऑफिसच्या ट्रेलरमधून एक छापील फॉर्म घेऊन आला. अपघात, नुकसान, अनधिकृत प्रवेश; हा पोलिसांकडे जाईल, असं त्याने आवाज चढवून सांगितलं. सुलभाताईंनी नाव सांगितलं आणि स्पेलिंग दोनदा दुरुस्त करायला लावलं. पासपोर्ट काढून समोर धरला, नंबर उतरून घेऊ दिला.

“इथला पत्ता?” डगने विचारलं. “राहता कोणाकडे?”

सुलभाताई थांबल्या.

स्वतःचं नाव त्यांनी दिलं होतं, कारण ते त्यांचं होतं. पत्ता सिद्धेशचा होता. घर त्याचं, फाइल त्याची, आठ वर्षं त्याची. आपण ताठ उभं राहायचं आणि किंमत पोराने मोजायची, हे त्यांना या क्षणापर्यंत असं ढळढळीत दिसलं नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. डगने पेन कागदावर आपटलं. “पत्ता, मॅम. पत्ता नाही? की लपवण्यासारखं काही आहे?”

“चौदाशे बारा, लार्च लेन,” मागून आवाज आला.

सिद्धेश फाटकातून येत होता. गळ्यात ऑफिसचा बिल्ला तसाच लटकत होता, मागे हिमानी. तो धापा टाकत नव्हता, पण त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने डगच्या हातून फॉर्म घेतला आणि पत्ता स्वतः लिहिला. खाली स्वतःचं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, नातं या रकान्यात ‘मुलगा’ लिहिलं आणि कागद परत दिला.

“पाठवा पोलिसांना,” तो डगला म्हणाला. “सोबत हेही लिहा की फळ्या तिसऱ्या दिवशी काढल्या होत्या. नसेल लिहायचं तर मी लिहून देतो. माय मदर हॅज द डेट्स.”

डगने कागदाकडे पाहिलं, ट्रस्टच्या माणसांकडे पाहिलं. ट्रस्टच्या माणसाने हात पुढे करून तो फॉर्म आपल्याकडे घेतला आणि खिशात ठेवला. तो पुढे कुठे जाणार हे त्याने सांगितलं नाही, आणि सिद्धेशनेही विचारलं नाही.

“तुझं ऑफिस?” सुलभाताईंनी मराठीत विचारलं.

“मीटिंग कॅन्सल केली.” मग त्यांच्याकडे न बघता, “तुझा राग येतोय मला, आई. प्रचंड येतोय.”

“येऊ दे,” सुलभाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

“चला घरी,” हिमानी हळूच म्हणाली.

“नाही. तो माणूस यायचाय अजून.” सुलभाताईंनी आजूबाजूला पाहिलं, फळ्यांचा एक ढीग होता, त्यावर जाऊन बसल्या. इंग्रजीत, अर्ज वाचल्यासारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “इग्नासिओला फोन लागेपर्यंत मी इथून उठणार नाही.”

डग म्हणाला, उद्या बघू. कुरोदाने नकारार्थी मान हलवली आणि म्हणाला, “आज. तो आल्याशिवाय या इमारतीवर हातोडा पडणार नाही.” आणि तो म्हातारा आपल्या काळ्या सदऱ्यासकट त्याच ढिगावर, सुलभाताईंपासून हातभर अंतरावर येऊन बसला. डग खिशातून फोन काढत ट्रेलरकडे गेला. सिद्धेश क्षणभर उभा राहिला, मग बिल्ला गळ्यातून काढून त्याने खिशात टाकला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसला.